दीड फूट

रोल्यात, चौथ्या मजल्यावर, एका हॉलचे
मी सात केले होते.
आठ एमएमचा प्लाय, खिळे कमी, स्क्रू जास्त.
उद्या काढायची वेळ आली तर आवाज नको.
मूळ भाडेकरू म्हणाला होता,
"मेस्त्री, माणसाला लांबी लागते, रुंदी नाही."

सातातल्या एकात मीच राहिलो.
खिडकीवाल्यात नव्हे; खिडकीचे दीडशे दिरहम वेगळे.
एसी एकच, म्हणून प्रत्येक भिंतीवर
दीड फूट मोकळं सोडलेलं.
त्या फटीतून हवा यायची
आणि बाकीचं सगळं:
नागेंद्रचा खोकला,
हनीफची बायको फोनवर गप्प बसलेली,
कोणाचं व्याज थकलंय.

मग बलदियाचा कागद जिन्यात लागला.
माणशी पाच चौरस मीटर. प्रत्येकाचं नाव करारावर.
भाडं तीन वर्षं गोठलेलं.
कायदा चांगला होता. मी बोटांवर हिशोब केला:
हॉल तीस मीटर, माणसं अकरा.
सहा राहतील.
पाचांचं काय, ते अरबीतही नव्हतं,
खाली उर्दूतही नव्हतं.

तपासायला हुमैद आला, माझ्या लेकाच्या वयाचा.
त्याची टेप अडकली, मी माझी दिली.
बाथरूममध्ये जाऊन त्याने ब्रश मोजले.
"दहा," तो म्हणाला.
माझा माझ्या खिशात होता.

ज्याने घातलं त्यानेच काढावं, म्हणून मलाच सांगितलं.
स्क्रू मुकाट निघाले.
नागेंद्रच्या प्लायवर आतून पेन्सिलीच्या चार रेघा,
मुलीची उंची, दर वाढदिवसाला फोनवर विचारून मारलेली.
तेवढी फळी मी कापून दिली.
अजमानच्या गाडीत ती गुडघ्यांवर आडवी धरून
तो गेला.

आता बलदियाने एक बंद शाळा घेतलीय.
एका वर्गाच्या दोन खोल्या,
दाराला स्वतःचं कुलूप,
भाडं चौकटीवर रंगवलेलं, कोणी वाढवू नये म्हणून.
यादीत माझा नंबर दोनशे बारा.
काम मात्र आजपासून.

पहिल्याच भिंतीला मी सवयीने
वर दीड फूट सोडलं.
"छतापर्यंत, मेस्त्री," हुमैद म्हणाला.
छतापर्यंत नेली.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
नव्या खोलीत दार लावून जरा बसलो.
पलीकडे रंगारी होता, म्हणे.
मला काहीच ऐकू आलं नाही.
उठून एकदा भिंतीवर टकटक केली.