खुर्चीचा पुढचा अर्धा भाग

ओरुरोत हवा मुळातच उणी,
त्यात बाबांनी माझ्या मांडीवर आणून ठेवली
घमेल्याएवढ्या तोंडाची ट्यूबा.
मी तेरा वर्षांची.
फुंकायची वाटी माझ्या ओठांहून चार बोटं वर.
मी मान ताणली, हनुवटी उचलली,
कुंपणापलीकडचं गवत हेरणाऱ्या लामासारखी.

बाबांनी आईचा पट्ट्यापट्ट्यांचा आग्वायो काढला,
चौघडी करून माझ्याखाली सरकवला.
मग आणखी एक.
"तू तिच्याकडे जायचं नाहीस, देल्फिना.
ती येईल."

खुर्चीचा मागचा अर्धा भाग पाहुण्यांचा, म्हणायचे.
वाजवणाऱ्यानं पुढे बसावं,
पावलं फरशीवर सपाट,
कुणी हाक मारली तर तसंच उठता यावं असं.
"आणि हे खांदे काय कानांशी चहाड्या करतायत?
उतरव खाली."
खुर्चीचा एक पाय आखूड होता.
त्याखाली त्यांनी खाणीतल्या पगाराचं जुनं पाकीट
दुमडून घातलं. रिकामंच होतं.

माझ्या मागच्या फासळ्यांवर तळवा टेकवून
ते वाट बघायचे, श्वास तिथवर पोचेपर्यंत.
पोचला की नुसतं "हं."

सत्तावीस वर्षं हुआनुनीच्या बोगद्यात
गुडघ्यांवर, कथिलाच्या शिरेमागे, मान मोडून.
ताठ बसायचे ते फक्त शनिवारी, बँडच्या खोलीत.
कार्निव्हलला तर चालायचे,
डाव्या खांद्यावर मेंढीच्या कातड्याची घडी,
तिच्यावर पितळेचं वेटोळं,
पहाटेपर्यंत.
घरी आल्यावर आई मीठ शेकायची
आणि खांद्यावरचा जांभळा वळ बघून
कातडं बनवणाऱ्याला शिव्या द्यायची.

आता त्यांना आडवं होता येत नाही.
धूळ छातीत बसलीय, डॉक्टर म्हणाले,
जणू ती पाहुणी आहे आणि उठेल.
रात्रभर ते पलंगाच्या कडेला बसतात,
पुढच्या अर्ध्यावर.
मी उशांवर उशा रचते, फटीत आग्वायो कोंबते,
पायांखाली पाट सारते,
तळवा नेते मागच्या फासळ्यांवर.
आत पितळ नाही, भोकं पडलेला भाता.

"हवेकडे धावू नका, बाबा," मी म्हणते,
"ती येईल."

येते. थोडी. शिट्टी घालत.
ते डोळे उघडतात, माझ्याकडे बघतात,
बोलायला पुरेल एवढी ती साठवतात,
आणि सगळी एका शब्दावर उधळतात:

"खांदे."

मी उतरवते.