दोन वारे

बोरा बाजारात, लिफाफ्यांच्या कारखान्यावरच्या खोलीत
दर दुसऱ्या रविवारी आम्ही आठ-नऊ जण जमतो.
पंखा बंद ठेवतो, केकी दुबाशांची कागदी पाकिटं उडतात म्हणून.
भिंतीवर माझ्या अक्षरात एक पाटी आहे:
‘नाण्याला दोन बाजू असतात’ असे म्हणणाऱ्यास
पाच रुपये दंड.

आज नवं नाणं आलं.
शंभराचं, चांदीमिश्रित, निळ्या मखमली डबीत,
कुठल्याशा बंदराच्या शताब्दीचं.
मागच्या अंगाला शिडाची होडी, खाली तीन लाटा,
कडेला सूर्य, किंवा दीपगृहाचा दिवा.
सूर्य की दिवा, यातच पहिली वीस मिनिटं गेली.

सकीनाबाई म्हणाल्या, ह्या लाटा आहेत?
मला तर ईदच्या शेवया वाटल्या.
केकी म्हणाले, आधी लोक हाताने ठसा कोरायचे,
हात जरा थरथरला की नाण्यात दिसायचा.
कॉम्प्युटर थरथरत नाय, तेच वाईट.
अन्वयने एवढंच विचारलं, एकूण किती काढलीत?
आकडा कळला की त्याचं बघणं संपतं.

मी बत्तीस वर्षं बँकेत कॅशला बसले.
नाणं मला आधी कानाला कळतं, मग डोळ्याला.
पण हे वाजवायचं नाही, बोट लावायचं नाही,
हे देऊन पाव किलो भेंडीही आणायची नाही.
असा पैसा अजून माझ्या हाडात उतरत नाही.
तरी दरवेळी एक घेतेच. का, ते विचारू नका.

मग गुप्त्यांनी भिंग लावलं आणि जवळजवळ ओरडलेच.
निशाण बघा! शीड फुगलंय डावीकडे
आणि निशाण फडकतंय उजवीकडे!
एका डोलकाठीवर दोन वारे!
सगळे उठले, डोकी एकमेकांवर आपटली,
मला हसू आवरेना.
टांकसाळ इथून चालत दहा मिनिटं,
गुप्ते म्हणाले, पत्र मी स्वतः नेऊन देतो,
आणि ‘महोदय’ लिहूनही झालं.

हरेश्वर तांडेल तिसऱ्यांदाच आले होते.
त्यांचा संग्रह म्हणजे एक पिशवी, भोकाच्या पैशांची,
सगळे जाळ्याच्या दोरीतून सुटे केलेले,
वडिलांनी शिशाऐवजी ओवले होते ते.
पहिल्या दिवशी केकींनी वास घेऊन पिशवी बाजूला सारली होती.

तांडेल म्हणाले, असं होतं पण.
वारा फिरतो ना, तो वर आधी कळतो.
निशाण नव्या वाऱ्यात जातं, शीड अजून जुन्यातच असतं.
चार श्वास, फार तर पाच.
तेवढ्यात दोर सोडायचा. बाबा सोडायचे.

आणि नाही सोडला तर?
अन्वयने विचारलं, मोबाइल खाली ठेवून.

तांडेलांनी नाणं शिकवल्यासारखं काठावर धरलं,
जरा तिरकं केलं, उजेडात,
डबीत ठेवलं आणि म्हणाले,
चहा आला वाटतं.

गुप्ते हटले नाहीत. म्हणाले, मान्य,
पण चित्रकाराला हे ठाऊक असेल होय?
चुकूनच काढलंय त्याने.
तेही खरं असेल.
सकीनाबाई म्हणाल्या, म्हणजे ह्याला दोन्ही...
आणि पाटीकडे बघून गप्प झाल्या.
अर्ध्या वाक्याचे अडीच घ्यावेत का, यावर मतदान झालं.

चहाचे एकशेआठ झाले.
खोलीत हजारांवर नाणी, शिवराईपासून आजच्यापर्यंत,
आणि आठ रुपये सुटे कुणाकडेच नाहीत.
शेवटी दंडाचा डबा फोडला.

‘महोदय’ तसाच टेबलावर राहिला,
त्यावर कपाचं वर्तुळ उमटलं, काठ बरा आलाय.
मी एक नाणं नोंदवलं. तांडेलांनी नाही.

जिना उतरून रस्त्यावर आले तर
समोरच्या गच्चीत कुणाची तरी लुंगी वाळत होती
आणि तिच्यावर, तारेला, एक लाल फडकं.
भर उन्हात, हातगाड्यांच्या मधोमध
मी उभी राहिले,
दोन्ही एकाच बाजूला उडतायत ना, बघत.