आठ बाय बेचाळीस

खडेबाजारात शिवलिंगय्यांचं दुकान.
वर घड्याळं, मधे चष्म्यांच्या काड्या,
आणि काचेच्या सर्वांत खालच्या फळीवर
चार दुर्बिणी, माना खाली घालून.
मी म्हटलं, पाखरं बघायची आहेत.
"मग दहाची घ्या की टीचर,
पाखरू नाकावर येऊन बसतंय बघा."

पायरीवर उभी राहून दहाची लावली.
समोरच्या गच्चीवरची टाकी आली,
टाकीवरचा कावळा आला,
आणि कावळ्यासकट सगळा बाजार थरथरायला लागला.
भूकंप नव्हता.
माझे हात होते, एकसष्ट वर्षांचे,
तेहेतीस वर्षं फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढलेले.
दहापट पाखरू म्हणजे दहापट हात.
हे मी कुठल्याच वर्गाला शिकवलं नव्हतं.

भाचा दुष्यंत फोनवरून आकडे पाठवत होता.
त्याच्याकडे सहाशेची लेन्स,
त्याला पिसाची कड न् कड हवी असते.
"मावशी, पाणी न शिरणारी बघ, आत वायू भरलेली.
जांबोटीच्या दमटात काचेलाही बुरशी येते."
ते खरंच.
आमच्या खानापुरात आषाढात
कपाटातल्या चपला हिरव्या होतात.

शिवलिंगय्यांनी आठची हातात दिली.
भिंग बेचाळीसचं, वजन पाऊण किलोला थोडं कमी.
"चष्मा काढू नका, हे रबर आत फिरवा."
कावळा लहान झाला, पण थांबला.
त्याच्या दोन्ही बाजूंना आभाळ शिल्लक राहिलं.
मग त्यांनी उजव्या नळीवरचं बारीक कडं दाखवलं:
"दोन डोळे सारखे नसतात ना टीचर.
आधी डावा जुळवायचा,
नंतर उजव्याची समजूत काढायची."

माझ्या उजव्याचा मोतीबिंदू मार्चमध्ये काढला.
तेव्हापासून तो धुतलेलं बघतो, निळसर,
आणि डावा अजून जुनंच, चहाच्या रंगाचं.
आठ महिने दोघांचं पटत नव्हतं.
कडं फिरवत फिरवत
दोघे एकाच कावळ्यावर आले.
बारा हजार सांगितलेले, अकराला दिली.
पुसायचं फडकं फुकट.

मार्गशीर्षात जांबोटीच्या वरच्या अंगाला,
सकाळी पावणेसात, धुकं अजून झाडांच्या कमरेला.
दुष्यंतने तिकाटणं रोवलं.
बमू झोरे कानाला हात लावून उभा,
गवळीवाड्यावरून आमच्याबरोबर आलेला.
"आला," म्हणाला. आम्हाला काहीच नाही.
मग पंखांचा आवाज,
कुणी मोठी चादर झटकत दरी ओलांडतंय असा,
आणि उंबरावर तो. पिवळी चोच, तिच्यावर ते ओझं.
दुष्यंत धनेश म्हणाला,
फॉरेस्टचा वॉचर मंगट्टे,
बमू ककणेर.
त्यानं कुणालाच ओ दिली नाही, उंबर खात राहिला.

शटर नुसतं कडकडत होतं.
मी पोटभर बघितलं. मानेवरचा तेलकट पिवळा,
डोळ्याची लाल कडा,
उंबर वर उडवून झेलायची खोड.
मग पट्टा गळ्यातून काढून बमूला दिला.

त्यानं दुर्बीण लावली
आणि पाखराकडे पाठ फिरवली.
पलीकडच्या उतरणीवर सावकाश,
झुडूप झुडूप उचलून बघितल्यासारखा.
कडं चाचपलं, थोडं फिरवलं.
"हाय," म्हणाला. "चवरी हाय.
तीन दिस झाले. शेपूट हलतंय तिचं."
आणि दुर्बीण माझ्या हातात देऊन
उतरणीला लागलासुद्धा.

मी परत उंबराकडे वळले.
धनेश धूसर होता, कडेनं किंचित दुहेरी.
बमूच्या डोळ्यांचा नंबर तसाच राहिलेला कड्यावर.
दुष्यंत म्हणाला, मावशी, जुळवून घे, उडेल तो.
जुळवायचंच होतं.
पण थोडा वेळ
मी त्याच्याच नंबरानं बघत राहिले.