डोंगर जवळ आला की

खोर खुवैरच्या वजनकाट्यावर
मी ट्रकांची पोटं मोजतो, रिकामी आणि भरलेली.
शेजारच्या खुर्चीत मॅलाकी आभाळ मोजायचा.
आयर्लंडातल्या मेयोचा माणूस, दगडबंदरावर क्रेनचा मुकादम.
बाहेर सत्तेचाळीस, तरी खिशात घडी घातलेली पावसाळी टोपी.
"न जाणो."

त्याच्या गावी म्हणे
मांजर चुलीकडे पाठ करून बसलं की पाऊस,
धुराड्यातून काजळी गळली की पाऊस,
मेंढ्या कुणी न हाकता खाली उतरल्या,
पाकोळ्या जमिनीला पोट घासत उडाल्या, तरी तेच.
आणि आईचा डावा गुडघा:
"रेडिओ चुकायचा, तो नाही."

इथे कुठली चूल. आमचं मांजर
एसीच्या कॉम्प्रेसरकडे पाठ करून बसतं
वर्षातले तीनशे दिवस.
सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर लिहिणाऱ्या पोराकडे बघावं
तसा मॅलाकी त्याच्याकडे बघायचा.

एकदा मीही सांगितलं, आमच्याकडे
चंद्राचं खळं लांब, तर पाऊस जवळ;
खळं जवळ, तर पाऊस लांब.
चहा खाली ठेवून तो म्हणाला,
"हे तुला कुणी सांगितलं? हे आमचं आहे."
थोडं भांडलो. मग बिस्किटं संपवली.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी
धूळ बसली आणि डोंगर पुढे आला,
इतका, की वरच्या बकऱ्या मोजाव्यात.
"जवळ आलाय," मॅलाकी म्हणाला, "वादीतले ट्रक काढा."
फोनवर पाऊस शून्य टक्के.
हसले सगळे. शेरबाजने तेवढा आपला ट्रक चढावर घेतला,
म्हाताऱ्याला एकटं कशाला पाडा म्हणून.

थेंब पडला नाही. रात्रभर चांदणं.
पहाटे, कोरड्या ठाक आभाळाखाली
वादीतून पाणी आलं, तपकिरी, कमरेएवढं,
पलीकडच्या कुठल्या कड्यावर पडून गेलेलं,
बाभळीची खोडं आणि एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन.
तीन ट्रक आडवे झाले. माणूस कुणी गेलं नाही.
मॅलाकीने टोपीची घडी उलगडली, झटकली,
पुन्हा घातली खिशात.

आता तो मेयोत. कधीमधी फोन करतो.
"डोंगर दिसतोय?"
"दिसतोय. म्हणजे पडणार."
"आणि नाही दिसला तर?"
"मग पडतोच आहे."

माझ्या खिडकीत आठवडाभर डोंगर नाही, नुसती धूळ.
मांजर आपल्या जागी.
मी शेरबाजच्या ट्रकचं वजन लिहितो
आणि मधूनच, कुणी बघत नसताना,
डाव्या गुडघ्यावर हात ठेवून बघतो.