दोन पट्टे

खुंटीवर दोन पट्टे.
एक रुंद, कातडी, कडी वाजणारा.
दुसरा राखीच्या दोऱ्याएवढा बारीक,
मुठीत घेतला तर दिसतही नाही.
सुपारी अजून सहा महिन्यांची,
पण मी कुठल्या पट्ट्याकडे हात नेला
हे तिला माझी पाठ बघून कळतं.
निदान मला तसं वाटायचं.

गायधनी सर म्हणाले होते, दोन्ही एकदम नको.
एक तर उभं राहायला शिकवा, नाहीतर बसायला.
फौजेत तीस वर्षं कुत्री घडवलेला माणूस,
बोलणं मोजकं, मिशा तेवढ्या सढळ.
पण मीही पुण्याचीच.
नको म्हटलं की करून बघायचं असतं.

तर रुंद पट्टा: मी थांबले की तू बस.
डाव्या गुडघ्याला खांदा लावून, न सांगता.
बारीक पट्टा: मी थांबले की नुसती थांब.
चार पाय चार कोपऱ्यांत, मान वर,
कुणी अनोळखी येऊन ओठ उचलून दात मोजेल,
मोजू दे.

खडकीच्या मैदानावर पहाटे साडेपाचला
एवढं दव, की माझे बूट थंडीभर वाळले नाहीत.
खिशात कलेजी.
आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबऱ्याबाहेर,
त्यामुळे ती शिजते गॅलरीत, वेगळ्या शेगडीवर,
आणि सासूबाई नाकाला पदर लावून विचारतात,
"झाली का तिची? मऊ झालीय ना नीट?"

फेब्रुवारीत शो.
माइकवरून तिचं कागदावरचं नाव पुकारलं,
इतकं लांबलचक आणि विलायती
की ते आमचंच, हे शेजारच्यांनी सांगितलं.
रिंगणात नऊ पिल्लं.
परीक्षक बाई टोपी सावरत आल्या,
मी थांबले,
आणि सुपारी बसली.

आठ लॅब्रॅडॉर पितळी समयांसारखे उभे
आणि ही एकटी मांडी ठोकून,
वर माझ्याकडे बघत: बघ, न सांगता!

परीक्षक बाई हसल्या. नंबर अर्थात नववा.
सर दोरीपलीकडून आले, मला वाटलं रागावणार.
म्हणाले, "तिनं हुकूम मोडला नाही. तुम्ही दिलात.
घाबरून डावा खांदा पाडलात. ती खांदा वाचते,
पट्टा नाही."

मग घरी आरशासमोर माझीच शिकवणी.
चाल. थांब. खांदा सरळ.
पुन्हा चाल. हात सैल. हनुवटी कशाला आवळतेस?
चाळिशी उलटल्यावर मला कळतंय
मी उभी कशी राहते.

काल संध्याकाळी तेच चाललं होतं, कितीतरी वेळ.
गॅलरीतून सासूबाई म्हणाल्या, "बस गं बाई आता."
शेगडीला, मला, की आणखी कुणाला,
विचारलं नाही.

दोन्ही पट्टे खुंटीवर होते.
सुपारी तेवढी बसली.