आवक-जावक

पहिलं पत्र आलं ते मार्चअखेरीला,
तेव्हा आमच्याकडे मरायलाही सवड नसते.
वहीचं फाडलेलं पान, निळी शाई:
रबाळे, बंद पडलेल्या रंगाच्या कंपनीसमोर
गटाराला झाकण नाही. माणूस पडेल.
लिंबाजी घोडके, वॉचमन.
मी शिक्का मारला, तारीख घातली,
आवक रजिस्टरात एक ओळ.
माझं काम तेवढंच.

साहेबांनी नकाशा पसरला, चष्मा कपाळावर ढकलला.
रस्ता आपला, पण डांबराच्या कडेपर्यंत.
कडेच्या पलीकडे एमआयडीसी.
गटार कारखान्यांचं पाणी नेतं, म्हणजे त्यांचंच म्हणा;
पण पावसाळ्यात डोंगरही त्यातूनच उतरतो,
आणि डोंगर वनखात्याचा.
पुढे ते रुळांखालून जातं. तिथे दिल्ली लागते.
"दिल्ली?"
"रेल्वे म्हणजे दिल्लीच ना, बाई."

खाडीला मिळेपर्यंत त्या पाण्याला
किती दारं बदलावी लागतात
ते मी बोटांवर मोजलं.
अंगठा तेवढा उरला.

पत्र गेलं : उचित कार्यवाहीस्तव अग्रेषित.
पत्र आलं : सदर बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.
मी दहा वर्षांत गेले नाही इतकं ते फिरलं,
महापे, बेलापूर, एकदा तर थेट मंत्रालय,
आणि परत आलं तेव्हा त्याला
नऊ पानं फुटली होती.

मधे एक पोरगा पडला, पार्सल पोचवणारा.
पुढचे दोन दात गेले.
दात राज्यसूचीत येतात की समवर्ती सूचीत,
साहेब म्हणाले,
आणि मी हसले.
ते हसू अजून माझ्याच दाढेत अडकलंय.

त्या रात्री लिंबाजीनं
कुंपणाजवळच्या शेवग्याची फांदी तोडली,
भोकात उभी रोवली, वर लाल फडकं.
जालन्याकडे विहिरीचा काठ खचला की असंच करतात म्हणे.
खाली तीन वर्षांचा गाळ.
कुणी उपसला नव्हता,
कारण कुणी उपसायचा ते ठरलं नव्हतं.
त्या न ठरलेल्या गाळात
फांदीनं मूळ धरलं.

पुढच्या वर्षी वृक्षगणना झाली.
उद्यान विभागाची माणसं आली, घेर मोजला,
खोडावर पत्र्याचा बिल्ला ठोकला.
भोकाला कधी नंबर मिळाला नव्हता.

आणि मग, खरंच, झाकण मंजूर झालं.
टेम्पोतून आलं, गोल, जड, कोरं करकरीत,
सोबत पत्र :
सदर जागी वृक्ष असल्याने तोडणीची परवानगी
आपल्या स्तरावरून मिळावी.
आपल्या स्तरावरून!
साहेब बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले.

झाकण आता कंपनीच्या भिंतीला टेकून उभं आहे.
उन्हात तापतं, म्हणून लिंबाजी
संध्याकाळीच त्याला पाठ लावून बसतो.

काल तो ऑफिसात आला.
मला वाटलं आणखी एक अर्ज.
त्यानं शेंगांची जुडी टेबलावर ठेवली,
सुतळीनं बांधलेली.
"याची पोच नको, बाई."

रजिस्टर उघडंच होतं.
मी काही लिहिलं नाही.

रात्री आमटी केली. मुलगा शेंग चोखत म्हणाला,
कुठल्या गं या?
हद्दीवरच्या, म्हटलं,
नीट चावून खा.