फट

अशोक चौकातला यादगिरी गवंडी
भिंतीवर बोटानं टकटक करतो, कान लावतो.
"आत्ता भरू नका बाई.
घर काळ्या मातीवर, त्यात सोलापूरचा मे.
खाली जमीन आ वासून पडलीय.
भादव्यात पाणी मुरलं की फुगंल,
फट आपली आपण मिटंल.
आज सिमेंट कोंबाल, तर उद्या शेजारी दुसरी."

पेन्सिल मागतो. दोन टोकांना दोन रेघा,
बाजूला तारीख.
"दिवाळीनंतर बोलवा."

मग गच्चीवर:
चुना, त्यात फेविकॉल, दोन हात,
तेही पहाटे, स्लॅब तापायच्या आत.
कढीपत्त्याच्या बुडाशी जुनी चादर,
आमच्याच मागावरची, मोर विटलेले,
चौघडी करून, ओली.
नळाला पाणी पाचव्या दिवशी.
चादर तीन दिवस तरी ओल धरते,
पुढचे दोन तांदूळ धुतलेल्या पाण्यावर.

"किती द्यायचे?"
"कशाचे? काम कुठं केलं?"
चहा मात्र दोनदा घेतला.

आता दळण ठेवून आले
की मी रेघेपाशी थांबते.
काल केसभर पुढं गेली होती.
तारीख घातली.
भरायची नाही, हे कळलंय.
बोट जातंच तिथं.